स्वतः न बदलता

साताऱ्यात डिसेंबरमध्ये सकाळी सहाला गाडी चालू केली, की बॉनेटखालून चिंचोक्यांचा आवाज यायचा. चल्लस आठ खेळायला आजी फोडलेले चिंचोके पत्र्याच्या एका डब्यात ठेवायची. तो डबा कोणी घाईने उचलला की जसा वाजायचा, अगदी तसा. गाडी सुरू करताना तीन-चार सेकंद, मग शांत. गतिरोधकावरून गेलं की पुन्हा. सिग्नलवरून पहिल्या गिअरमध्ये निघालं की पुन्हा.

एवढा एकच आवाज असता तर मला लवकर उमगलं असतं. पण त्याच्या जोडीला आणखी एक होता, बारीक आणि झिणझिणता. उकळत्या पातेल्यावर सैल झाकण थरथरतं ना, तसा. इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आसपास असले की तो यायचा आणि काटा पुढे सरकला की विरून जायचा. मला ते दोन्ही मिळून एकच दुखणं वाटत होतं. पुढचा बराचसा घोळ त्यातून झाला, म्हणून आधी दोन्ही वेगळे करून सांगितले.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एका शनिवारआड साताऱ्याला आई-अण्णांकडे जाते. जायचं अंतर साधारण एकशे दहा किलोमीटर. गाडी 2014 सालची, पेट्रोलवरची, छोटी. अण्णा एसटीच्या कार्यशाळेत फिटर होते. डिझेल इंजिनांच्या गदारोळात पस्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ट्रकचा हॉर्न कळतो, आईच्या बांगड्यांची किणकिण कळत नाही. त्यामुळे फोनवर मी चिंचोक्यांचं वर्णन केलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला काय ऐकू येणार पोरी, तू तिथंच कुणाला तरी दाखव."

खरं तर दुखणं जुलैतच सुरू झालं होतं. पावसात गाडी मिसिंग मारायला लागली. चढावर झटके द्यायची, आणि समोरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा. हा दिवा स्थिर जळत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, तिथलं पेट्रोल न जळताच पुढे ढकललं जातंय आणि पुढे जाऊन ते नको तिथे जळणार आहे, असा त्याचा अर्थ. पाय हलका करावा, गाडी बाजूला घ्यावी. मला हे ठाऊक नव्हतं. अकरावीच्या प्रवेशांची गडबड, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि पाऊस थांबला की गाडी आपोआप बरी व्हायची. जुलै ते सप्टेंबर मी तशीच पाच वेळा खंबाटकी चढले. त्याची टोचणी मला अजून आहे.

ते पेट्रोल पुढे जाऊन जळत होतं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर पडण्याआधी ज्यात कमी विषारी होतो त्या डब्यात. गॅरेजात त्याला कॅटकॉन म्हणतात, मीही तेच म्हणते.

नोव्हेंबरात घराजवळच्या गॅरेजमधल्या मुलाने वाकून खाली हात घातला आणि एक पातळ पत्रा धरून हलवला. पातेल्याचं झाकण हाच होता. कॅटकॉनभोवतीचं हीट शील्ड. त्याच्या एका बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं झालं होतं, पत्रा लोंबकळत होता. त्याने लांब स्टेनलेसची होज क्लिप भोवती फिरवून आवळली, दीडशे रुपये घेतले, झिणझिण थांबली. त्या मुलाचं काम चोख होतं. खालून काही वाजायला लागलं की आधी हाच पत्रा पाहावा, मग सायलेन्सर ज्यांच्यावर लटकतो ती रबरं पाहावीत. पुष्कळदा काम तिथेच संपतं. आवाज नको म्हणून काही जण पत्राच उपटून टाकतात. तसं करू नये. त्याच्या आतला डबा वाळलं गवत पेटवण्याइतका तापतो.

चिंचोके मात्र वाजतच राहिले. आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी खंबाटकीत गाडीने दम सोडला. जो चढ ती तिसऱ्या गिअरवर घ्यायची, तिथे दुसराही पुरेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी पुढे जायची नाही. श्वास आत घेता येतोय पण सोडता येत नाही, असं काहीतरी. उसाने भरलेल्या एका ट्रकच्या मागे मी संपूर्ण घाट चढले, कारण त्याला ओलांडण्याइतकंही पिकअप उरलं नव्हतं.

घाट उतरल्यावर हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये थांबले. तिथल्या माणसाने स्कॅनर लावला. "ताई, चारशेवीस आलाय," तो म्हणाला. पी 0420, म्हणजे कॅटकॉन जेवढं काम करायला हवं तेवढं करत नाही, असं गाडीचा संगणक सांगतोय. मग त्याने उपाय सांगितला. नवीन घ्यायच्या भानगडीत पडू नका, चाळीसेक हजारांना जाईल. मी खोलून आतलं सगळं काढतो, वेल्डिंग मारून परत बसवतो, दोन हजार द्या. आतला माल मला दिलात तर पाचशे कमी. कॅटकॉनमागच्या सेन्सरला धुरापासून जरा लांब धरणारा स्पेसर लावतो, दिवासुद्धा लागणार नाही. गाडी उलट मोकळी पळेल.

"आणि पीयूसी?"

"ते बघू हो. बाहेरून काय कळतंय?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हणाले आणि साताऱ्याकडे निघाले. दोन हजार आणि चाळीस हजार यांत माझ्या पगाराचा मोठा भाग बसतो, आणि तो माणूस वाईटही वाटला नव्हता. रोज चार गिऱ्हाइकं त्याच्याकडे हेच मागत असणार.

रात्री झोप लागेना. चौदा वर्षं मी वर्गात एक व्याख्या सांगत आले आहे: उत्प्रेरक म्हणजे स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग बदलणारा पदार्थ. उदाहरण म्हणून गाडीतल्या कन्व्हर्टरचं नाव घेते, फळ्यावर तीन समीकरणं लिहिते आणि पुढच्या धड्याकडे वळते. तो डबा माझ्या पायांपासून दोन हातांवर रोज तापत होता, आणि तो आतून कसा असतो हे मी कधी डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं.

आत सिरॅमिकची एक वीट असते, आरपार भोकांची. सोऱ्याला शेवेची बारीक चकती लावतो, तशा शेकडो चकत्या एकावर एक चिकटवल्यासारखी. सर्वसाधारण विटेत एका चौरस इंचात चारशे भोकं, आणि दोन भोकांमधली भिंत पाव मिलिमीटरहूनही पातळ. त्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम, सगळं मिळून जेमतेम काही ग्रॅम. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड इथे कार्बन डायऑक्साइड होतो, उरलंसुरलं पेट्रोल जळून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला नायट्रोजन सुटा होऊन हवेत परत जातो. हे व्हायला वीट अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावी लागते. म्हणून गाडी चालू केल्यावरचं पहिलं मिनिट-दीड मिनिट सगळ्यात घाण धूर सोडतं. बंद पार्किंगमध्ये गाडी गरम करत बसणाऱ्यांना मी तेव्हापासून हे हात जोडून सांगते.

त्या रात्री ज्या गोष्टीने मला खरं अडवलं, ती शिशाची. यूजीन हौड्री हा फ्रान्समधून अमेरिकेत गेलेला अभियंता. लॉस एंजेलिसच्या धुरक्याबद्दल वाचून अस्वस्थ झाला आणि 1950च्या दशकात त्याने गाडीच्या धुरासाठी उत्प्रेरक कन्व्हर्टर तयार केला. तो गाड्यांत बसू शकला नाही, कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. शिशाचा थर धातूवर बसला की उत्प्रेरक आंधळा होतो. रसायनशास्त्रात याला उत्प्रेरकाचं विष म्हणतात. अमेरिकेत 1975च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास आले ते शिसेविरहित पेट्रोलचा हात धरूनच. आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर पेट्रोलमधून शिसं गेलं. मी 1995 साली सातवीत होते. पुण्याला मामाकडे गेले की लक्ष्मी रस्त्यावर डोळे चुरचुरायचे, आणि त्या हवेत मुलांच्या मेंदूला इजा करणारा धातू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिसं जाण्याला इतरही कारणं होती. पण त्यातलं एक मोठं कारण हे, की हा डबा शिसं सोसू शकत नव्हता. तो इतका नाजूक होता म्हणून साऱ्या देशाला पेट्रोल बदलावं लागलं. आणि मी तो दोन हजारांत पोखरून घ्यायचा विचार करत होते.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी सात वाजता शाळेची व्हॅन थांबते. बालवाडीतली मुलं पाठीवर दप्तरं घेऊन उभी असतात आणि मी नेमकी तेव्हाच थंड गाडी बाहेर काढते. माझं नाक धुराच्या नळीपासून जेवढं दूर आहे, त्याच्या निम्म्यावरही त्यांचं नाही. बाहेरून काय कळतंय, असं तो म्हणाला होता. कार्बन मोनॉक्साइडही बाहेरून कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही.

सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "गाडी थंड आहे ना?" चालत्या गाडीत कॅटकॉन चारशे ते आठशे अंशांपर्यंत तापलेला असतो, थंड व्हायला तास-तास लागतात, त्यामुळे हा प्रश्न पहिला. गाडी रात्रभर उभी होती. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं गॅरेज जवळच आहे, तिथे लिफ्ट आहे. आम्ही ती तिकडे ढकलतच नेली.

अण्णांनी घरून एकच हत्यार घेतलं होतं, त्यांचा हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. माझ्या हातात रबरी हातोडी दिली आणि मी सांगेन तिथे हळू ठोक म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी पाइपला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. "कान गेले तरी हाडातनं येतं," ते म्हणाले. मागच्या सायलेन्सरवर ठोकलं, त्यांनी मान हलवली. मधल्या पाइपवर, पुन्हा नाही. मग कॅटकॉनच्या पोटावर. त्यांनी डोळे मिटले, हातोडीला थांब म्हणून बोट वर केलं, पुन्हा ठोकायला लावलं.

"हितं. आत सुटलंय."

ज्या आवाजाने मला दोन महिने छळलं, तो न ऐकू येणाऱ्या माणसाने पाच मिनिटांत शोधला. सिरॅमिकची वीट आणि बाहेरचा पोलादी डबा यांच्यामध्ये एक जाड मॅट असते. तापली की ती फुगते आणि विटेला घट्ट धरून ठेवते. फार जास्त तापली की जळून भुगा होते, वीट आत सैल पडते, प्रत्येक खड्ड्याला डब्यावर आपटते आणि फुटते. फुटलेले तुकडे मग एकमेकांना घासत राहतात.

तरी अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. "तो चारशेवीस म्हणतो, म्हणजे नेमकं काय बघून म्हणतो?" मी फोनवर सेन्सरचे आलेख काढून दाखवले. आमच्या गाडीत कॅटकॉनच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर आहे, मागे एक. पुढचा सतत वर-खाली होतो, 0.1 व्होल्टवरून 0.9 वर आणि परत. कॅटकॉन ठणठणीत असेल तर मागचा जवळजवळ स्थिर राहतो, 0.6-0.7 च्या आसपास, कारण मधली वीट ऑक्सिजन साठवून घेते आणि लागेल तसा सोडते. गाडी वीस मिनिटं फिरवून गरम केली, फेरे अडीच हजारांवर धरले. मागची रेघ पुढच्या रेघेची हुबेहूब नक्कल करत होती. मधून वायू नुसताच निघून जात होता. पण हाच कोड पाइप कुठे गळत असला किंवा मागचाच सेन्सर म्हातारा झाला असला तरी येऊ शकतो, म्हणून गॅरेजवाल्याने नळीच्या तोंडावर ओलं फडकं धरून प्रत्येक जोड तपासला. कुठेच फुसफुस नव्हती. चारशेवीस दिसला की लगेच कॅटकॉन मागवणाऱ्यांनी हा अर्धा तास जरूर द्यावा असं मला वाटतं.

खंबाटकीचा उलगडा दाबाच्या घड्याळाने केला. पुढचा सेन्सर काढून त्याच्या भोकात घड्याळ बसवलं. गाडी नुसती चालू असताना काटा दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजार फेऱ्यांना तीनच्या आत राहावा, असा ठोकताळा आहे. आमचा काटा सातवर गेला. तुकडे भोकांच्या आड आले होते, काही भोकं बुजली होती आणि इंजिनाला उच्छ्वास टाकायला जागाच नव्हती.

मला वाटलं झालं, आता पार्ट मागवायचा. अण्णा म्हणाले, "आणि तो का मेला, ते? नवा टाकशील, दिवाळीपर्यंत तोही जाईल."

मग त्यांनी ऑइलची पट्टी काढून पाहिली. पातळी बरोबर होती, म्हणजे इंजिन ऑइल पीत नव्हतं. ऑइल जळत असेल तर त्यातलं फॉस्फरस या धातूंना हळूहळू मारतं. कूलंटही जागच्या जागी होतं. मग ठिणगी पाडणारे प्लग. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ होती, आणि त्याला वीज देणाऱ्या कॉइलचं रबर चिरलेलं. पावसाची ओल त्या चिरेतून आत गेली की ठिणगी प्लगच्या टोकाशी पडण्याऐवजी वाटेतच पळून जायची. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये पोचायचं आणि लाल झालेल्या विटेवर पेटायचं. एरवी सातशे अंशांना काम करणारी वीट त्या आगीत पार हजारांच्या पुढे जाते. कॉइल आणि चारही प्लग मिळून काही हजारांचा खर्च. जुलैत केला असता तर तेवढ्यावरच भागलं असतं.

कॉइल आधी बदलली. कॅटकॉन मूळ बनावटीचा मागवला, आठ दिवसांनी आला, अडतीस हजारांना. निम्म्याहून कमी किमतीचेही होते, पण त्यांच्यात हे धातू किती घातले आहेत ते विकणाऱ्यालाही सांगता येईना, आणि धातूंसाठीच तर हा सगळा खटाटोप. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं, तरी दोन तुटले. पॅकिंग नवं घातलं. नवा डबा बसवण्याआधी गॅरेजवाल्याने मागचा सायलेन्सर उतरवून उभा केला आणि झटकला. त्यातून मूठभर सिरॅमिकचे खडे पडले. ते तसेच राहिले असते तर नव्या कॅटकॉनमागे पुन्हा बूच बसलं असतं.

मागची रेघ त्या संध्याकाळी सरळ झाली. परतल्यावर पीयूसी केली. भारत स्टेज 4 या धुराच्या सरकारी निकषातल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे, माझ्या कागदावर 0.02 आला. त्याचा फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "आणि खंबाटकी?" म्हणजे त्यासाठी पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं. तिसऱ्या गिअरवर चढली.

जुना डबा अण्णांनी कापून उघडला, तोंडाला मास्क लावून आणि पाणी मारत, कारण ती पूड आणि मॅटचे तंतू छातीत जाऊ नयेत. कडेची जाळी शाबूत होती, चौकोनी भोकं अगदी रेखीव. मधला भाग मात्र वितळून एकसंध झाला होता, करपलेल्या पाकासारखा, चकचकीत. हे सिरॅमिक वितळायला चौदाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. सुटे तुकडे एकमेकांवर घासून गोल गुळगुळीत झाले होते. मी एक उचलला. चिंचोक्याएवढाच होता.

कडेपासून मधल्या वितळलेल्या भागापर्यंतचा एक तळहाताएवढा तुकडा धुऊन मी कॉलेजात नेला. बारावीच्या वर्गात उत्प्रेरकाचा भाग आला तेव्हा व्याख्या फळ्यावर लिहिली आणि तो तुकडा पहिल्या बाकावर ठेवला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण हा तर बदललाय." मी म्हटलं, अभिक्रियेने नाही बदलला, नऊ वर्षं त्याने ती बिनतक्रार केली, तो वितळला माझ्या गाडीची कॉइल चिरली होती आणि मी तीन महिने लक्ष दिलं नाही म्हणून. तिने व्याख्येखाली काहीतरी लिहून घेतलं.

तुकडा हातोहात मागे जात राहिला. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तो खिडकीकडे धरला आणि एक डोळा मिटला. कडेच्या भोकांतून त्याला बाहेरचं पार्किंग दिसत असावं. मधल्या भागाशी आल्यावर तो थांबला, तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही पाहिलं, आणि शेजारच्या मुलाला दिला.